एकाहत्तरावी लढत

४ नोव्हेंबर, मंगळवार

चारशे अठरा! नोंदणी काल बंद झाली. आज शाळेत जायच्या आधी यादी तीनदा मोजली. चारशे अठराच. गेल्या वर्षी एकशे सत्तर होते. त्याच्या आधीच्या वर्षी तर तलवारबाजीच्या स्पर्धेला कुणी यावं म्हणून मी पालकांच्या अक्षरशः विनवण्या करत फिरत होते.

संघटनेच्या सचिवांना फोन केला. "बाई, कमाल केलीत तुम्ही," म्हणाले. कमाल वगैरे काही नाही, पण दिवसभर पाय जमिनीला लागत नव्हते. सातवीच्या वर्गावर चुकीचा धडा उघडून दहा मिनिटं शिकवलं. मुलांनीही सांगितलं नाही, लबाड!

५ नोव्हेंबर

सभागृहात दहा पिस्ट बसतात. म्हणजे चौदा मीटरच्या दहा पट्ट्या, एकीला लागून एक, मधून माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा. तलवारीचे प्रकार तीन: शनिवारी फॉइल, रविवारी एपी आणि सेबर. फॉइललाच दोनशे अठरा! सात-सात जणांचे गट पाडले, गटात प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, मग बाद फेरी. फक्त शनिवारच्या लढती होतात आठशे साठ.

जेवणाचं टेबल रंगीत चिठ्ठ्यांनी भरून गेलंय. नवरा ताट मांडीवर घेऊन जेवला. "आपल्याकडे टेबल होतं ना गं पूर्वी?" एवढंच म्हणाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

वन्सं येऊन गेल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण, तीस वर्षं पंच आहे आणि आमच्या स्पर्धेची मुख्य पंच. चहा हातात घेऊन उभ्या उभ्याच त्यांनी माझं वेळापत्रक पाहिलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

"यात पंच जेवतात कधी?"

"दोन फेऱ्यांच्या मध्ये."

"मध्ये आहे कुठे?"

मी दाखवलं. सात मिनिटं होती. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोघांचेही वार लागून दोन्हीकडचे दिवे एकदम लागले की आधी हल्ला कुणाचा, म्हणजे गुण कुणाचा, हे यंत्र सांगत नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं. आणि डोळे दमतात."

"वन्सं, दरवर्षी तेवीस वर्गांचं वेळापत्रक बसवते मी. हेही बसेल."

"वर्गात मास्तरांना खुर्ची असते गं."

त्या गेल्यावर लेकीला म्हटलं, तुझ्या आत्याला मेली प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. लेक हातमोजा शिवत होती. वर न बघता म्हणाली, "खोट असते म्हणून दिसते." सतरा वर्षांची झाली, आता बोलायची सोय नाही.

११ नोव्हेंबर

चौदापैकी एक पंच गळाले. पाठ धरलीय म्हणे.

१३ नोव्हेंबर

आणखी दोन गेले. अकरा उरले. दहा पिस्टना अकरा — चालेल. चालवू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारभर सभागृहात. पट्ट्या अंथरल्या, तारा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवल्या, दिव्यांची खोकी मांडली. सगळी एकदम चालू करून बघितली — दहाच्या दहा लाल, दहाच्या दहा हिरवी! अंगावर काटा आला. इतकी वर्षं आम्ही शाळेच्या व्हरांड्यात दोन पिस्ट टाकून स्पर्धा घ्यायचो.

उद्या! लेकीला म्हटलं, तू खेळायचंस, मला का धडधडतंय? ती म्हणाली, "आई, तुझी उद्या आठशे साठ वेळा लढत आहे. माझी दहा-बाराच वेळा."

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

आत्ताच घरी आले. पाय गरम पाण्यात आहेत, वही मांडीवर.

सकाळी आठला दार उघडलं आणि माणसांचा लोंढा आत आला. दोनशे अठरा खेळाडू, त्यांचे आईवडील, आज्या, धाकटी भावंडं, प्रशिक्षक, आणि प्रत्येकाची माणसाएवढी बॅग! मी स्टेजवरच्या टेबलापाशी माइक घेऊन उभी होते. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले. हे सगळं मी जमवलं होतं.

दहा वाजेपर्यंत ठीक चाललं. मग एका आजोबांचा पाय तारेत अडकला आणि तीन नंबरचं खोकं बंद पडलं. पाच आणि सहाच्या खोक्यांचा आवाज सारखाच, त्यामुळे पाचवर वाजलं की सहावरचे खेळाडू थांबायचे. एवढ्या गलक्यात पंचांचं "थांबा" कुणाला ऐकूच जात नव्हतं. अकरा वाजता आम्ही चाळीस मिनिटं मागे होतो, एक वाजता दीड तास. मी काय केलं? ती सात मिनिटंही काढून टाकली. माइकवरून म्हणत राहिले, "पंचांनी कृपया पुढची लढत सुरू करावी."

बँकेत नोकरी करणारे आमचे एक पंच आहेत, शांत गृहस्थ. अडीचच्या सुमारास त्यांनी लालचा गुण हिरव्याला दिला. एका वडिलांनी पट्टीवर येऊन आरडाओरडा केला. त्यांनी चूक मान्य केली, गुण फिरवला, आणि पुढच्या लढतीला "तयार? सुरू" म्हणायच्या ऐवजी "तयार? थांबा" म्हणाले. लोक हसले. ते हसले नाहीत.

आमच्या दुसऱ्या एक पंच, दंतवैद्य बाई, पंचांच्या खोलीत जमिनीवर बसलेल्या दिसल्या. बूट काढलेले, आणि सुजलेले पाय परत बुटात जाईनात. डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "येते, दोन मिनिटं." आवाज पार बसलेला. मी म्हटलं, "लवकर या हं." खरंच म्हटलं मी असं. आता लिहिताना कानशिलं तापतायत.

मग उपांत्यपूर्व फेरी. माझी लेक आत! ही जिंकली की पदक पक्कं. सकाळपासून तिची एकच लढत धड बघायला मिळाली होती. आणि तिच्या पिस्टवर द्यायला पंचच नव्हता. दोघांचे पाय गेलेले, एकांचा आवाज गेलेला, बाकीचे इतर वयोगटांच्या लढतींत गुंतलेले. मोकळ्या फक्त वन्सं. आत्याने भाचीची लढत घ्यायची नसते, हे मलाही कळतं. मी समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "बाईंवर आमचा विश्वास आहे." मग वन्सं पट्टीशी जाऊन उभ्या राहिल्या.

काय लढत झाली! लेक पाच-नऊ अशी मागे पडली, मग एकेक करत दहा, अकरा, बारा. आजूबाजूच्या पट्ट्यांवरचे लोक वळून बघायला लागले. मी माइक ठेवला आणि टेबलावर चढले, स्पर्धाप्रमुख असून! चौदा-चौदा. शेवटचा एक गुण. दोघी एकदम सुटल्या, दोन्ही दिवे एकदम लागले. वन्संनी क्षणभर थांबून हात वर केला. "हल्ला उजवीकडून. गुण उजवीकडे."

लेक डावीकडे होती.

मी बघितलं होतं. आधी माझी लेक सुटली होती! मी खाली उतरले, पण लेकीने मुखवटा काढला, सलामी दिली, समोरच्या मुलीशी हात मिळवला.

सगळं संपल्यावर वन्संना गाठलं. त्या पायरीवर बसून पोटऱ्या चोळत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, तो शेवटचा गुण…"

त्यांनी मान वर केली. डोळे लालभडक. "अगं, एकाहत्तरावी लढत होती माझी. सकाळपासून पाठ टेकलेली नाही. तुला काय वाटतं, मला काय दिसत असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षांत या बाईने आपली चूक झाली असं कधी म्हटलेलं नाही. आणि ती चूक मी करवली! माझ्या रंगीत चिठ्ठ्यांनी. माझ्याच पोरीचं पदक घालवलं.

वन्सं घरापर्यंत सोबत आल्या; लेक त्यांच्याशी खाली बराच वेळ बोलत होती. वर आली आणि गुपचूप जेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपार

घाईत लिहितेय, पंचांच्या खोलीतून. हो, मी बसलेय, आणि स्पर्धा चालू आहे!

सकाळी साडेसहाला सचिवांना फोन केला. म्हटलं, आज फक्त एपी होणार, सेबर पुढच्या रविवारी आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत. ते उडालेच. "लोक गाड्या करून आलेत, बाई. परत पाठवणार? संघटनेचं नाव जाईल."

"मग माझं नाव काढा. पण अकरा माणसांकडून मी पुन्हा तसं करून घेणार नाही."

मग सचिव म्हणाले, "लोकांना तुम्हीच सांगा."

सांगितलं. माइक घेतला नाही, खुर्चीवर उभी राहिले. सेबरचे ऐंशी खेळाडू, त्यांच्या घरची माणसं, सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. म्हटलं, काल काय झालं ते तुम्ही पाहिलंत. नावं मी घेतली, नाही म्हणायची वेळ होती तेव्हा नाही म्हटलं नाही. ही चूक पंचांची नाही, माझी आहे. आज सेबर होणार नाही.

कालवा झाला. एक बाई मला नाही नाही ते बोलल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं, पहाटे चारला निघाल्या होत्या. मी ऐकून घेतलं. मग मागून एक आवाज आला. काल पट्टीवर धावून गेलेले तेच वडील. "पुढच्या रविवारी किती वाजता ते सांगा की."

दहाऐवजी सात पिस्ट मांडल्या आहेत. पाच आणि सहामध्ये आता बैलगाडी जाईल. पंचांनी चाळीस मिनिटं उभं राहायचं, वीस मिनिटं बसायचं. पालक सगळे वर सज्जात, खाली फक्त ज्यांची लढत आहे ते. दंतवैद्य बाई समोर केळं खातायत आणि बँकवाल्यांना रुग्णांचे किस्से सांगतायत. आणि ते हसतायत!

त्याच दिवशी. संध्याकाळ

पावणेपाचला संपलं! पंधरा मिनिटं आधी. एपीचा अंतिम सामना इतका शांतपणे बघितला लोकांनी की बुटांचा करकर आवाज ऐकू येत होता, आणि शेवटचा दिवा लागल्यावर सज्जा नुसता कोसळायचा बाकी राहिला. टाळ्या पंचांसाठीही वाजल्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

वन्सं निघताना म्हणाल्या, "बरं झालं आज." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

२० नोव्हेंबर

संघटनेची बैठक. पुढच्या वर्षापासून पंच किती येणार ते आधी ठरणार, नावं नंतर घ्यायची. पंच पंधरा तर खेळाडू दोनशे, बस. सचिव कुरकुरले, पण सही केली. मी भांडले! आवाज चढवून भांडले. पंच दमले की काय होतं त्याचं उदाहरण म्हणून स्वतःच्या लेकीची लढत सांगितली. वन्सं शेजारीच होत्या, खाली बघत होत्या. वाईट वाटलं मला त्यांच्यासाठी, पण सांगणं भागच होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सेबर! ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर परत आले. चार पिस्ट, अकरा पंच, आणि एवढासा व्यायामशाळेचा हॉल. किती छान दिवस! सेबर म्हणजे वीजच, डोळ्याचं पातं लवायच्या आत गुण. पंच ताजे होते, आवाज खणखणीत, निर्णय पटापट. पहाटे चारला निघालेल्या त्या बाई परत आल्या होत्या. त्यांच्या मुलीला कांस्य मिळालं. माझ्याकडे बघून मान हलवली. हसल्या नाहीत, पण हलवली.

येताना रस्ताभर मी गात होते. नवऱ्याने गाडीच्या काचा वर केल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

त्या समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी लढतीची चित्रफीत पाठवली. शेवटचा गुण सावकाश करून आठ वेळा बघितला. आधी ती मुलगी सुटली होती. माझ्या लेकीचा हात नंतर लांब झालाय — थोडासाच, पण नंतर. निर्णय बरोबर होता.

वन्संना फोन केला. म्हणाल्या, "मी चुकले असं म्हटलं होतं का तुला? काय दिसत असेल, असं विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस."

"मग बैठकीत गप्प का बसलात? सगळ्यांसमोर तुमची चूक म्हणून सांगत होते मी."

"त्याशिवाय सही झाली असती का?"

लेकीच्या खोलीत गेले. म्हटलं, निर्णय बरोबर होता हे आत्याने तुला त्याच दिवशी सांगितलं होतं ना?

"तिला कशाला सांगायला लागतंय," ती म्हणाली. "मला पिस्टवरच कळलं होतं."