डावी पापणी

४ फेब्रुवारी
ताई तयार झाली एकदाची! "माझ्या थोबाडात काय बघायचंय तुला?" करत करत बसली खिडकीशी, मांडीवर शिवण घेऊन. सकाळच्या उजेडात दोन स्केचेस झाली. झकास!
हे चित्र ज्या प्रदर्शनाला द्यायचंय तिथे पस्तिशीच्या आतलेच घेतात आणि मला जूनमध्ये पस्तीस पुरी होतात. दोनदा नाकारलंय त्यांनी. आता हे शेवटचं.

९ फेब्रुवारी
ताईची रजा संपली. शाळेत शिकवून दमून येते, म्हणून आम्ही आता संध्याकाळी बसतो. आज सगळंच बिनसलं. डावी पापणी खाली उतरली कागदावर. खोडली, वर घेतली. खोडरबर कितीही घासा, कोळशाची जुनी रेघ अंधूक राहतेच मेली.

१० फेब्रुवारी
पुन्हा तेच. पुन्हा डावी!

१४ फेब्रुवारी
कालच्या तिसऱ्या संध्याकाळीही तीच चूक. आणि आज नेमके सर आले – कॉलेजातले. त्यांच्यासमोर अजून माझी बोबडी वळते. पाची स्केचेस भिंतीवर होती. सकाळची दोन बघून "हं, बरी आहेत." मग चष्मा वर सरकवून, "आणि इथे डोळे एका पातळीत नाहीत. पहिल्या वर्षाच्या चुका अजून करतेस?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ फेब्रुवारी
सकाळचं स्केच चौकोन आखून कॅनव्हासवर मोठं केलं. कागदावरच्या एका चौकोनात जे आहे तेवढंच कॅनव्हासवरच्या त्याच चौकोनात उतरवायचं – चुकायला वावच नाही. डोळे सरळ. हुश्श!

२३ फेब्रुवारी
रंग भरताना ताईला समोर बसवलं आणि ब्रश परत पापणी खाली ओढायला लागला! ओरडलेच तिच्यावर. "नीट बघ ना गं! झोप येतेय का?"
"उघडाच आहे की डोळा. दमलेय गं, वह्या तपासून." शिवण दोनदा हातातून सुटली. म्हटलं, नाटकं पुरे झाली. ती हसली, पण नेहमीसारखं खळखळून नाही. माझं डोकं फिरलं होतं, मी वर बघितलंच नाही.

२५ फेब्रुवारी
आली नाही. फोनवर शब्द ओढत बोलत होती. रुसलीय, दुसरं काय!
मीही परत फोन केला नाही मग.

२७ फेब्रुवारी
तिच्याशिवायच पुरं केलं, सकाळच्या स्केचवरून. दोन्ही डोळे टक्क उघडे. चांगलं झालंय, मला कळतं ना! सरसुद्धा खोट काढू शकणार नाहीत. तरी बघवत नाहीय. ताई नाही वाटत ही, ताईची कुणी चुलतबहीण वाटते.
परवा द्यायची शेवटची तारीख.

२८ फेब्रुवारी
भावजींचा फोन. ताईला वर्गात फळ्यावर एकाचे दोन दिसायला लागले. पाणी पिताना ठसका लागला तो थांबेना. दवाखान्यात ठेवलंय. "डोळा मिटतच चाललाय गं तिचा," म्हणाले.
कुठला, हे मी विचारलं नाही. भिंतीवरची स्केचेस काढून पिशवीत भरली.

१ मार्च
चित्र घरीच आहे. मी दवाखान्यात.
डॉक्टरबाईंनी विचारलं, "पापणी कधीपासून पडते? दिवसभर की फक्त संध्याकाळी?"
ताई म्हणाली, "कालपासूनच."
मी पाची कागद पलंगावर मांडले. कोपऱ्यात तारीख, वेळ – सवयच आहे मला. बाईंनी सकाळची दोन बघितली, मग संध्याकाळचं एक उचलून उजेडात धरलं.
"इथे पापणीला दोन रेघा आहेत. खरी कुठली?"
ताई माझ्याकडे बघत होती, एकाच डोळ्याने.
"खालची," मी म्हटलं.