सोळा बार आणि साठ गणपती

१२ मे, सोमवार. सकाळी ९.१०
नवी वही. कोणी वाचायची नाही, म्हणून सगळं स्पष्ट लिहिणार. अख्ख्या पेण तालुक्यात हिप-हॉप कळणारा माणूस एकच, आणि तो हमरापूरला बापाच्या गणपतीच्या कारखान्यात बसलाय. मी, आदर्श.

ठराव. एक: रोज एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मत रोखठोक, मार्क दहापैकी, ओळखदेख बघणार नाही. दोन: सुजयसाठी सोळा बार, ३१ मेच्या आत. तीन: चहा दोनच.

सुजय रोह्याचा, तिथल्या अष्टमी गावात राहतो. अकरावीपासून माझा जोडीदार. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही दोघांनी रॅप केला होता, माईक बंद करेपर्यंत. आता तो कंपनीत सेकंड शिफ्ट करतो आणि पहिला अल्बम काढतोय. नावही ‘सेकंड शिफ्ट’च. आठ गाणी. सात झाली, आठवं माझ्यासाठी ठेवलंय. सोळा बार म्हणजे सोळा ओळी. मला एक दुपार पुरे.

शिवाय यंदा आखणी माझ्याकडे. म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम. इतकी वर्षं ते काम करणाऱ्या पोपटकाकांचा हात थरथरायला लागला म्हणून त्यांचं स्टूल बाबांनी मला दिलं. एक हंगाम बघतो म्हणाले. बघा की!

१५ मे, गुरुवार
अल्बम: ‘डांबर’. कलाकार: पुण्याचा कोणी एमसी धूर. बारा गाणी. अकरा गाण्यांत तो गरीब आहे, बाराव्यात त्याच्याकडे लाल गाडी आहे. गाडी आली कुठून, ते कुठल्याच गाण्यात नाही. ४/१०.

पण बीट जबरदस्त. हेडफोन लावून बसलो आणि जेवायच्या आधी चौदा मूर्तींचे डोळे काढून मोकळा. काका नऊ करायचे. बाबांना म्हटलं, हे हिप-हॉपचं बळ. बाबा म्हणाले, मान का हलते तुझी? म्हटलं, लय आहे. ते रंगाचा डबा उचलून पुढे गेले. पटलं असणार.
चहा: चार. पण दोन अर्धे होते.

१९ मे, सोमवार
प्रणिता, माझी धाकटी बहीण, समोरच बसते. मूर्तींना पॉलिश पेपर मारते. दिवसभर खर्र खर्र. आज विचारत होती की सोळा बार म्हणजे प्रत्येक ओळ चार ठोक्यांचीच पाहिजे का. तिला समजेल अशा भाषेत समजावलं. म्हटलं, गो, हे ऐकायला सोपं वाटतं, पण आतून आग लागते. ती म्हणाली बरं, आणि परत खर्र खर्र. बिचारी.

पहिली ओळ तयार: ‘पेणचा मी वाघ, माझ्या डोळ्यांत आग’. हादरवणारी आहे.

२४ मे, शनिवार
अल्बम: ‘रिकामी एसटी’, कोल्हापूरचा चौघांचा गट. एकदम संथ. एकाने तर मध्येच जांभई दिली, तीही ठेवलीय. ६/१०, जांभईला.
संथ अल्बममुळे आज डोळे फक्त सहा झाले. पण काय डोळे! बाबा बराच वेळ एका मूर्तीसमोर उभे राहिले. मला वाटतं डोळ्यांत पाणी आलं होतं, किंवा धूळ.

३१ मे, शनिवार
आजची तारीख सुजयनेही लक्षात ठेवलीय. फोन आला. मी म्हटलं, घाईत लिहिलेलं मी स्वतः चार मार्कांच्या वर नेत नाही. तो म्हणाला व्हय, पण पंधरा जूनपर्यंत दे. म्हटलं नक्की.

जाता जाता त्याने त्याची सातही गाणी पाठवली, खरं मत सांग म्हणाला. खरंच सांगितलं. आवाज नाकातून येतो. तिसऱ्या गाण्यात यमक ओढून आणलंय. एकंदर ५/१०. मैत्री मैत्रीच्या जागी. त्याने अंगठा पाठवला, आणि मग: तुझ्या ओळी?

८ जून, रविवार
दुसरी ओळ आली! एकदम आली, पूर्ण, जणू आधीपासून कुठेतरी तयारच होती. ‘चिखलात उभा तरी सावली माझी सरळ’. मला स्वतःला काटा आला. यालाच प्रतिभा म्हणतात.

दुपारी जेवून पडलो तर माझे हेडफोन प्रणिताच्या कानावर. डोळे मिटून बसली होती, झोपली असावी. पॉलिश पेपरच्या पाठीवर काहीतरी खरडत असते हल्ली. कुठल्या मूर्तीला कुठला रंग, ते लिहीत असणार.

१५ जून, रविवार
सुजय बाईक घेऊन स्वतः आला. मी नेमका घरी नव्हतो. प्रेरणेसाठी खाडीच्या पुलावर गेलो होतो. प्रेरणा नाही आली, डास आले. परतलो तर तो निघून गेलेला. प्रणिता म्हणाली, दोन तास थांबला. काय करत होता दोन तास? म्हणाली, बोलत होतो. मी किती कामात असतो ते तिने सांगितलं असेल. समजूतदार आहे.
विशेष म्हणजे त्यानंतर सुजयचा एकदाही तगादा नाही. कलाकाराला मोकळं सोडायला शिकला.

२ जुलै, बुधवार
आता पूर्ण वेग. ‘फुल नेटवर्क’ नावाचा नवी मुंबईचा अल्बम, वीस गाणी, वेग असा की शब्दच कळत नाहीत. कळत नाही म्हणजे खोल असणार. ८/१०.
विमलबाईंच्या ऑर्डरचे उरलेले पंचेचाळीस गणपती त्या तालावर दोन दिवसांत उडवले. विमलबाईंचं अष्टमीला दुकान आहे, दर वर्षी घरगुती साठ मूर्ती आमच्याकडूनच नेतात, माझ्या जन्माआधीपासून. टेम्पो रविवारी जाणार.
तिसरी ओळ शोधतोय. आसपास आहे.

१० जुलै, गुरुवार. दुपारी
टेम्पो परत आला. भरलेला.

विमलबाईंनी बाबांना फोनवर सांगितलं ते मला पलीकडून ऐकू येत होतं. हैबतराव, पंधरा गणपती झ्याक हायत, बाकीचे माझ्याकडं बघत नायत, दरवाज्याकडं बघतायत. गिऱ्हाईक हात जोडून उभं राहतं आणि मागं वळून बघतं, कोण आलंय म्हणून.

बाबांनी पंचेचाळीस मूर्ती ओळीने मांडल्या. खरंच सगळे उजवीकडे बघत होते. मी म्हटलं, यात एक अॅटिट्यूड आहे. कोणी हसलं नाही. पोपटकाकांनी नुसती माझी मान धरली आणि सरळ केली. बाबा म्हणाले, देव हाय रे तो. लोक वर्षभर त्याची वाट बघतात, आणि त्यानं बघायचं कुठं? इतकंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं: पंधरा सरळ आहेत, ते कोल्हापूरवाल्यांच्या संथ तालावर काढलेले. दोष माझा नाही, नवी मुंबईचा आहे. ‘फुल नेटवर्क’चे मार्क ८ वरून २.

११ जुलै, शुक्रवार
स्टूल प्रणिताला दिलं. तात्पुरतं. मी पॉलिश पेपरला. तात्पुरतं.
एक एक डोळा पुसून, पांढरा लावून, वाळवून परत काढायचा. ती रेघ ओढताना श्वास धरते. मला बघवत नाही आणि नजरही हटत नाही. पाच दिवसांत पंचेचाळीस करीन म्हणते. विमलबाई थांबायला तयार झाल्यात. नाहीतर दुसरीकडून नेणार होत्या.
चहा: मोजला नाही.

२० जुलै, रविवार
टेम्पो गेला, परत आला नाही. विमलबाईंचा फोन: सगळे बघतायत. बाबांनी प्रणितासाठी बाजारातून जिलबी आणली. मीही दोन खाल्ल्या.
धूळ घशात जाते. रॅपरच्या गळ्याला हे बरं नाही. म्हणूनच तिसरी ओळ अडकलीय.

९ ऑगस्ट, शनिवार
चार ओळी पूर्ण! तिसरी आणि चौथी एकाच चहात झाल्या. सुजयला फोन केला. तो म्हणाला, आदर्श, आठवं गाणं झालं रे. मी म्हटलं, माझ्याशिवाय? म्हणाला, ऐक तू, आला की. आवाजात संकोच होता. समजलो. माझी जागा कोरी ठेवून नुसती बीट टाकली असणार, मानाची म्हणून. जुन्या मित्राला कळतं.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११
‘सेकंड शिफ्ट’ आला. आता रोखठोक.
पहिली सात: आधी ५ दिले होते. आज ऐकताना नाक तेवढं जाणवलं नाही. तिसऱ्या गाण्यातलं यमक बसलंय. ७.

आठवं: ‘आखणी’. कोरी जागा नाही. एका मुलीचा आवाज. मुंबईची असणार, एवढा दम आपल्याकडे कुठे! ‘श्वास धरून रेघ ओढते, हात माझा हालत नाय / शंभरांना डोळे देते, एक पण मला बघत नाय’. आई शप्पथ. सोळाच्या सोळा बार, एकही ठोका वाया नाही. धंद्याचा अभ्यास करून लिहिलंय बाईने. ९.५. बीटसुद्धा वेगळी, खर्र खर्र, खर्र खर्र

सकाळी ११.२०
परत ऐकलं. नवव्या ओळीच्या मागे बाबा खोकतात.

दुपारी १
पाच वेळा ऐकलं. खाली नावं दिलीत. आवाज आणि शब्द: प्रणिता. मग बीट, मिक्सिंग. सगळ्यात शेवटी, विशेष आभार: आदर्श, हेडफोन दिल्याबद्दल.
दिले नव्हते. तिने घेतले होते. एवढी एक चूक सोडली तर कुठेच खोट काढता येत नाही. रडू आलं. धूळ नव्हती, रविवारी पॉलिशचं काम बंद असतं.
१०/१०.

२६ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी ६
शेवटचा ट्रक गेला. रॅक रिकामे, घरचा एक गणपती तेवढा राहिलाय. त्याचे डोळे प्रणितानेच काढले. मी समोर सरळ उभा राहिलो. माझ्याकडे बघतो. डावीकडे सरकलो, तरी बघतो. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी स्टूल तिचंच. तात्पुरतं हा शब्द त्यांनी वापरला नाही.

मग धीर करून माझ्या चार ओळी तिला म्हणून दाखवल्या. म्हटलं, रोखठोक सांग, भाऊ म्हणून बघू नको. तिने हातातला ब्रश खाली ठेवला, नीट ऐकलं, बोटावर ठोके मोजले. म्हणाली, दादा, दुसरी ओळ खरंच भारी हाय. बाकीच्या तीन काढ आणि तिथून सुरुवात कर.

इतकं बरं वाटलं, की जुन्या वह्या काढून बसलो. अकरावीच्या वहीत, गॅदरिंगच्या रॅपमध्ये, ती दुसरी ओळ होती. अक्षर सुजयचं.

तिला सांगायला पाहिजे. रोखठोक बोलायचं हे पहिल्याच पानावर ठरलंय. पण उद्या गणपती बसणार, सणाचा दिवस. परवा सांगतो.