प्रवाळांना पाजलेलं पाणी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी उस्मानपुऱ्यातला तुमचा चहावाला मला अजून अडवून विचारतो, "ताई, समुद्रातली झाडं कशी हायेत?" चूक त्याची नाही. कॉलेजात असताना मी त्या लांबच्या बेटावर दोन महिने शिकायला गेले, तेव्हा "माझी पोरगी समुद्रात झाडं लावायली" असं तुम्हीच गावभर सांगत सुटला होतात. ती झाडं नाहीत, प्रवाळ आहेत, बारके बारके जीव एकत्र राहतात, असं मी फोनवर समजावलं तर म्हणालात, "जीव हायेत व्हय? मग तर लईच जपावं लागत आसंल." मी हसले होते. तिथं आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनीही पहिल्या दिवशी तेवढंच सांगितलं होतं, फक्त तासभर लावून.

तुम्ही पडेगावच्या रोपवाटिकेत माळी, आणि शाळा सुटली की मीही तिथंच. एकदा रोपांचा ट्रे उन्हात टाकून मी डबा खायला बसले, तर तुम्ही माझ्या हातातली भाकरी काढून घेतलीत. "आधी त्याला पाणी दे, मग तू जेव. त्याला तोंड नाय मागायला." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पण सवय लागली ती लागलीच. आजही कुणाच्या गॅलरीत सुकलेली कुंडी दिसली की माझा हात आधी पाण्याच्या बाटलीकडे जातो.

बेटावरही हात तसाच गेला. भर दुपार आहे. नवे प्रवाळ वाढावेत म्हणून पाण्याखालच्या चौकटींवर बांधायचे तुकडे आम्ही ट्रेमध्ये घालून किनाऱ्यावर आणलेत. होडीला उशीर झालाय. ट्रेला फट आहे, त्यातलं समुद्राचं पाणी गळून गेलंय आणि तुकडे उन्हात उघडे पडलेत. बाकीची मुलं होडी बघायला पुढं गेलीत. समुद्र वीस पावलांवर आहे, आबा. आणि मी फटीत रुमाल कोंबून पिण्याच्या पाण्याचा कॅन त्या ट्रेमध्ये रिकामा करतेय, मनात म्हणतेय, प्या रे बाबांनो. गोड्या पाण्यानं प्रवाळ मरतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. ते आठवलं होडीत चढताना, आणि तेव्हा मी तोंड उघडलं नाही. चौकटींवर बांधल्यावर दोन दिवसांत सगळे तुकडे पांढरे पडले, मेले. बाईंनी नोंदवहीत 'उन्हामुळे' असं लिहिलं आणि मी रडतेय बघून माझ्याच पाठीवरून हात फिरवला. त्याच संध्याकाळी तुमचा फोन. "जगली का गं?" मी म्हटलं, जगली. तुम्ही तिकडं कुणाला तरी ओरडून सांगितलंत, "जगली म्हन्ती!"

परत आल्यावर सांगू, म्हटलं. मग नोकरी लागल्यावर सांगू. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तर नक्कीच सांगणार होते, पण तुम्ही सलाईन लावणाऱ्या नर्सलाही माझी समुद्रातली झाडं ऐकवत होतात. तिच्यासमोर कसं सांगणार?

मी आता इथल्याच कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात बाईंनी फोटो पाठवला. समुद्र तापला आणि त्या बेटाभोवतीचे सगळे प्रवाळ पांढरे पडले, नजर जाईल तिथपर्यंत. वर्गात दाखवला तर पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आता आपण काय करायचं?" मी फळा पुसत राहिले. अख्ख्या तापलेल्या समुद्राला कुणी काय द्यायचं, मला खरंच माहीत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. फोटो आला तेव्हा मी आधी आमच्या चौकटींची जागा शोधली. सापडली नाही, सगळीकडं सारखंच पांढरं. आता माझ्या हातानं काय मेलं ते कुणालाच कळणार नाही, असं मनात आलं. आणि मला हायसं वाटलं, आबा.