मोठ्यानं बोललं की कळतं

पात्रास, रविवार, दुपार
(मुलं झोपली आहेत, देव करो आणि पत्र संपेपर्यंत झोपोत.)

तीर्थरूप स्टामातीना वन्संना पोलिक्सेनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर आणि गुडघे सध्या वाकत नाहीत, ते वाकले असं धरून चालावं.) रक्तदाबाची नवी गोळी मानवली का, पायांची सूज उतरली का, आणि अंगणातल्या लिंबाला यंदा तरी फळ धरलं का, ते सविस्तर कळवा. इकडे सगळं क्षेम आहे. दोन्ही मुलं धडधाकट आहेत. हे मुद्दाम पहिल्या परिच्छेदात लिहिते, कारण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुम्ही पत्र मधूनच वाचाल, छातीवर क्रूस काढाल आणि शेवट वाचायच्या आधी मेनेलाओसला फोन लावाल. तर तो फोन खाली ठेवा.

मेनेलाओस आणि सूनबाई दानाई जर्मनीत स्टुटगार्टला घर बघायला गेले हे तुम्हाला माहीतच आहे. सप्टेंबरात सगळं बिऱ्हाड तिकडे हलायचं. तोवर इस्मिनी (वय आठ, तिला सगळं माहीत असतं) आणि लेफ्टेरिस (वय पाच, त्याला काहीच मान्य नसतं) माझ्या ताब्यात. जाताना मेनेलाओस म्हणाला, "आई, उन्हाचं कुठे हिंडू नकोस, पोरांना टीव्ही लावून दे." आता आजीकडचा शेवटचा उन्हाळा पोरांनी टीव्हीसमोर काढायचा म्हणजे काय? मी तिघांची इटलीतल्या बारीच्या बोटीची तिकिटं काढली. तुमचे बंधू जन्मभर त्याच बोटींवर स्वयंपाकी होते आणि एकदाही बुडाले नाहीत, याबद्दल खलाशांना सांभाळणाऱ्या तिथल्या संत निकोलसचे आभार मानायचे राहूनच गेले होते. मेले ते बिचारे आपल्या बिछान्यात. तिकिटांचं ऐकून तुम्ही म्हणालात, "अगं, तुला तिकडे पाणी मागता येणार नाही, आणि पोरं काय सांभाळणार?" त्यावर मी म्हटलं होतं, माणूस सगळीकडे सारखाच, आपलं बोलणं सावकाश आणि मोठ्यानं बोललं की कुणालाही कळतं. हे वाक्य तुम्ही विसरला असाल अशी आशा आहे. पण तुम्ही काही विसरत नाही.

बोटीवर विशेष काही घडलं नाही. सकाळी इटली येईल असं मी लेफ्टेरिसला सांगितलं होतं, तर तो उजाडल्यापासून कठड्याशी उभा. इटली जागची हलत नाही, आपणच तिच्याकडे जातो, हे कळल्यावर तो जो रुसला तो बंदरापर्यंत. मी त्याला फसवलं असं त्याचं म्हणणं. संत निकोलसच्या चर्चच्या तळघरात, त्यांच्या थडग्यापाशी, आम्ही मेणबत्त्या लावल्या. तिथे सगळे डोळे मिटून उभे असताना लेफ्टेरिसनं खणखणीत आवाजात विचारलं, की संत आत आहेत तर त्यांना जेवायला कोण देतं. एक रशियन बाई रडता रडता हसली. मीही गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली. (बसणं जमलं. उठवायला दोन पाद्री लागले, एक त्यांचा कॅथलिक, एक आपला ऑर्थोडॉक्स. दोन्ही चर्चमधलं जवळजवळ हजार वर्षांचं भांडण माझ्यामुळे घटकाभर मिटलं असं म्हणायला हरकत नाही.)

खरी पंचाईत जेवणाची झाली. वन्सं, त्या लोकांना पास्ता शिजवता येत नाही. मी हे द्वेषानं सांगत नाही. दाताखाली कच्चा लागतो, शेंगदाण्यासारखा. मी वाढप्याला सावकाश आणि मोठ्यानं सांगितलं, "बाळा, हा अजून शिजायचाय." तो म्हणाला "ब्राव्हा" आणि निघून गेला. मी आणखी मोठ्यानं सांगितलं, तर त्यानं मीठ आणून दिलं. शेवटी मी पातेलं, पाणी, जाळ आणि वाट बघणं, हे सगळं हातवाऱ्यांनी करून दाखवलं, तेव्हा आतून खानावळीचा आचारी बाहेर आला. चांगला पिंपाएवढा माणूस. इस्मिनी पुटपुटली, "आजी, आपण खाऊन टाकू या, प्लीज." पण पोरांच्या पोटाचा प्रश्न होता. मी माझी ताटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, आत नेली आणि बऱ्याच वेळानं परत आणली. पास्ता आपल्यासारखा मऊ झाला होता. पण त्यानं तो टेबलावर असा ठेवला, की जणू घरातलं कोणी गेलंय आणि मीच मारलंय. लेफ्टेरिसनं दोनदा मागून घेतला.

आता मुद्द्यावर येते. (पाणी पिऊन घ्या.)

मुलांना समुद्रात डुंबायचं होतं, म्हणून आम्ही खाली ओत्रांतोकडे निघालो. लेच्चेहून एक छोटी गाडी जाते. झोल्लिनो नावाच्या स्टेशनावर उतरून दुसरी धरायची. आमच्या समोर एक म्हातारी बसली होती, काळ्या कपड्यांतली, मांडीवर झाकलेली टोपली. नाक असं, की आधी नाक आलं आणि मागून बाई आली. इस्मिनीनं त्या दिवशी वांगी ताटात ठेवली होती, म्हणून मी तिला म्हटलं, "बघितलंस? भाजी टाकणाऱ्यांचं नाक म्हातारपणी असं होतं." मग टोपलीचा वास आला तेव्हा म्हटलं, "मांजर मेलंय वाटतं हिच्या टोपलीत." प्रत्येक वाक्याला मी त्या बाईकडे बघून गोड हसत होते, म्हणजे तिला वाटावं मी तिची तारीफ करतेय. तीही मान डोलवून हसत होती. परदेशात हे एक सुख असतं, मनातलं बोलता येतं.

झोल्लिनो आलं. गाडी तिथे क्षणभरच थांबते. मी सूटकेस ओढली, छत्री घेतली, इस्मिनीला ढकललं आणि लेफ्टेरिसची पाठपिशवी घट्ट धरून उतरले. दारं मिटली, गाडी सुटली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात नुसती पाठपिशवी आहे. आत लेफ्टेरिस नाही. पोरगं पट्ट्यांतून हात काढून पुढे ड्रायव्हरच्या काचेशी जाऊन उभं राहिलं होतं. गाडी वळणाआड जाताना त्याच्या पिवळ्या टोपीचा ठिपका मला दिसला, आणि मग तोही दिसेना.

वन्सं, इथे मी थट्टा करणार नाही. मी फलाटावर ओरडत सुटले, सावकाश नाही, पण मोठ्यानं. "माझं पोर! माझं पोर गाडीत राहिलं!" फलाटावर दोन-चार माणसं होती, ती हात पसरून माझ्याकडे बघत राहिली. मी जितकी मोठ्यानं ओरडले तितकी ती मागे सरकली. इस्मिनी रडत माझी बाही ओढत होती आणि मला एकच दिसत होतं, मेनेलाओसचा चेहरा. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, "लेंकरूं पुढील गांवीं उतरवितील. भिऊं नको, माये."

आपल्या भाषेत! म्हणजे आपली, आणि आपली नाहीही. जणू आपल्या पणजीची पणजी थडग्यातून उठून बोलतेय. वळून बघते तर ते नाक.

त्या भागातल्या काही गावांत म्हाताऱ्या माणसांची घरची बोली अजून ग्रीकच आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. शाळेत सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गेले नव्हते. बाईंचं नाव आद्दोलोराता. त्यांनी स्टेशनातल्या माणसाला त्यांच्या इटालियनमध्ये असा काही दम भरला की तो पळत जाऊन पुढच्या स्टेशनला फोन करता झाला. पुतण्या त्यांना न्यायला तीनचाकी टेम्पो घेऊन आला होता. बाई पुढे बसल्या, आणि मी, इस्मिनी आणि सूटकेस मागे, कलिंगडांत. पुतण्यानं टेम्पो असा हाणला की प्रत्येक वळणावर एक कलिंगड माझ्या मांडीवर यायचं आणि पुढच्या वळणावर परत जायचं. मी सगळ्या संतांची नावं घेतली. निकोलसला म्हटलं, आत्ताच तर तुला मेणबत्ती लावून आलेय, इतक्यात विसरलास?

पुढच्या स्टेशनावर पोचलो तर बाहेर ही गर्दी. गर्दीच्या मधोमध बाकावर लेफ्टेरिस, हातात लिंबाचं आइस्क्रीम, डोक्यावर गार्डाची टोपी. मला बघून तो उठलासुद्धा नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "हीच ती. सापडली." मग माझ्याकडे वळून, "आजी, तू अशी हरवत जाऊ नकोस. ही सगळी माणसं तुला शोधतायत." त्या म्हाताऱ्यालाही ती जुनी बोली येत होती, आणि लेफ्टेरिसनं त्याला सांगितलं होतं की माझी आजी चुकून दुसरीकडे उतरली, तिला इथलं बोलता येत नाही, ती घाबरेल. माझं वर्णनही केलं होतं. ते वर्णन काय होतं हे मला कोणी सांगितलं नाही, पण मी येताच सगळ्यांनी मला ओळखलं आणि टाळ्या वाजवल्या. मी पोराला छातीशी धरलं आणि आइस्क्रीम माझ्या झग्याच्या गळ्यातून पार आत गेलं. गार लागलं. रडायला ते निमित्त पुरलं.

ओत्रांतो राहिलं बाजूला. आद्दोलोराताबाईंनी आम्हाला घरी नेलं, अंगणात बसवलं, टोपलीतलं चीज कापून माझ्यापुढे ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "घे, माये. मेलें मांजर." वन्सं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. इस्मिनी हसून हसून खुर्चीवरून पडली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, नाकाचं म्हणशील तर भाजी मी जन्मभर खाल्ली, हे नाक बापाचं. (चीज उत्तम होतं. वासाचं मात्र माझं चुकलं नव्हतं.)

आम्ही दोन दिवस तिथेच राहिलो. मला त्यांचं अर्धं बोलणं कळायचं, अर्धं निसटायचं. लेफ्टेरिसला सगळं कळत होतं, कारण ही भाषा वेगळी आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो आणि बाई अंगणात शेंगा सोलत तासन्‌तास गप्पा मारायचे, कोंबडीला ताप येतो का वगैरे. एकदा मी म्हटलं, "तुमची नातवंडं भाग्यवान, अशी आजी मिळाली." तर बाई सोलता सोलता थांबल्या. त्यांची नातवंडं दूर उत्तरेत तोरिनोला असतात, चांगली शिकलेली. फोन करतात. बाई घरच्या बोलीत सुरुवात करतात तर तिकडून इटालियनमध्ये म्हणतात, "आजी, नीट बोल ना." म्हणाल्या, "लेकानें मला कितीदा बोलाविलें. मीं म्हटलें, मी का बोलूं त्यांचें? तींच येतील, माझें शिकतील. बसून राहिलें. आतां तीं मोठीं झालीं. तूं बसूं नको हो."

मी विषय बदलला. मला शेंगा सोलायच्या होत्या.

निघताना बाईंनी मुलांच्या गालांचे मुके घेतले आणि मला चिजाचा एवढा मोठा गोळा दिला की परतीच्या बोटीवर आमच्या बाकाभोवती ऐसपैस जागा मिळाली. पात्रासच्या धक्क्यावरचे दिवे दिसायला लागले तेव्हा लेफ्टेरिस माझ्या मांडीवर आडवा होता. विचार करून म्हणाला, "आजी, जर्मनीत तू मोठ्यानं बोललीस तर त्यांना कळेल?" मी म्हटलं, कळेल की. इस्मिनीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत असतं.

असो. पत्र लांबलं. प्रवासात हाल झाले, कंबर गेली, छत्री कलिंगडांत राहिली, आणि दोघंही सुखरूप परत आणली. एकूण सहल झकास झाली. थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापे, मांजरीला काही नको, ती मला बोचकारते.

तुमची भावजय,
पोलिक्सेनी

ता. क. गाडीचा प्रसंग मेनेलाओसच्या कानावर घालू नये. मी त्याला एवढंच सांगितलंय की लेफ्टेरिसला गाडीत पुढे बसायला मिळालं. यात खोटं काही नाही.

आणखी ता. क. पत्र वाचायच्या आत फोन करून झालाच असेल, तर त्याला हेही सांगा की पास्ता मी नीट शिजवून घेतला होता.

शेवटचा ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तुम्ही उमेदीची सगळी वर्षं जर्मनीत कारखान्यात काढलीत आणि परत आल्यापासून आम्हाला सगळ्यांना ते ऐकवत आलात. आम्ही तुमच्या पाठीमागे हसायचो. तर मला जर्मन शिकवाल का? फोनवर चालेल, रोज दुपारी, मुलं झोपली की. मेनेलाओसला कळता कामा नये, नाहीतर म्हणेल, आई, या वयात कशाला. पहिल्यांदा काय शिकवायचं ते तुम्हीच ठरवा, मी गुपचूप ऐकेन, वाद घालणार नाही. फक्त "मला कळत नाही" हे वाक्य वगळा. ते मला कुठल्याही भाषेत न बोलता सांगता येतं.