दादा येऊन गेला

प्रिय वहिनी,

शाळेच्या बाईंनी तुला आणि छकुलीला घाईघाईने गाडीत बसवलं म्हणून तू त्यांच्यावर चिडली असशील. चिड हवं तर, पण गाडी थांबवायला सांगू नकोस. आधी हे वाच, आमच्या ह्यांच्या फोनवरून बाईंना पाठवलंय. फोनवर सांगता आलं नाही, कारण काल माझा फोन थोडा वेळ माझ्या नजरेआड होता. आमचं तसं ठीक चाललंय. आई माझ्याकडेच आहे. हे सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात लुडबुड करतात. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या काचा घासते आणि घरी येऊन स्वतःचा चष्मा शोधत बसते.

काल दुपारी दादा आला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि हातात छकुलीसाठी लाल बूट. "एक नंबर मोठे घेतलेत, वाढली असेल ना गं?" म्हणाला. हे बाहेर गेले होते, घरात मी आणि आईच. त्याला बघताच आईचे डोळे भरले. "किती वाळलास रे," करत राहिली. त्याने तिचे गुडघे चेपून दिले, आमचा गळका नळ दुरुस्त केला. ठोकाठोकी ऐकून शेजारीण डोकावली आणि जाताना म्हणाली, "भाऊ असावा तर असा!" तुला माहीतच आहे, तो असा वागायला लागला की कुणाच्याही मनात भरतो. मी मात्र त्याच्यावर नजर ठेवून होते. कारण तू कुठे आहेस, कशी आहेस, यातलं तो एक अक्षर विचारत नव्हता.

मग चहा घेताना बूट हातात फिरवत सहज म्हणाला, "हे पाठवू कुठे? थंडी असते का तिकडे?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. पण आई बिचारी नातीच्या काळजीने बोलून गेली, "थंडी नाही रे, समुद्राचा वारा सोसत नाही पोरीला. त्या दीपगृहाजवळच्या शाळेत सारखी खोकत..." मी तिचा हात दाबला, तेव्हा कुठे ती थांबली.

दादाने कप खाली ठेवला, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. वहिनी, आमचे बाबा हेच करायचे. त्यांनी घड्याळ काढलं की आम्ही दोघं भावंडं पलंगाखाली शिरायचो, आणि आईचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून दादा माझे कान दाबून धरायचा. तोच दादा. तूही एकदा म्हणाली होतीस, काच फुटू नये म्हणून तो आधी घड्याळ काढतो. मी जागेवरून हलले नाही. पण तो उठला, कप घेऊन आत गेला आणि विसळायला लागला. नळ कितीतरी वेळ वाहत होता. माझा फोन तिथेच ओट्यावर होता. निघताना त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तिला सांग, मी रागावलेलो नाही. फक्त भेटायचंय." शीळ घालत जिना उतरला. बूट न्यायला विसरला नाही.

दार लावून वळले तर आई भिंतीला टेकून खाली बसलेली. "मी काय बोलून बसले गं! पण तो बदललाय ना? बदललाय ना?" मी चपला घातल्या. तशी म्हणाली, "थांब, मीही येते." पोलीस ठाण्यात टेबलामागच्या अधिकारी बाईंनी विचारलं, घरात पूर्वी असं काही घडलंय का. मी तोंड उघडायच्या आत आईने आपला वाकडा हात टेबलावर ठेवला. "मी जिन्यावरून पडले नव्हते," म्हणाली. आम्ही लहानपणापासून जिन्याचीच गोष्ट ऐकत आलो होतो! मग ती थांबलीच नाही. बाबांचं सगळं सांगितलं, आणि रडत रडत आपल्या लेकाचंही. तुझ्या ओठाला टाके पडले त्या दिवशी तिने दारातून जे पाहिलं होतं, तेसुद्धा. खाली सही केली. मीही केली. कोर्टात बोलावतील तेव्हा आम्ही दोघी तिथे असू.

परवा फोनवर तू म्हणालीस, छकुली बाबांची आठवण काढते, एकदा भेटून बघू का. मी हो-नाही काहीच बोलले नव्हते. आज बोलते: नको. आज सकाळी दादा कामावर गेलेला नाही. घराला कुलूप आहे आणि त्याची गाडी जागेवर नाही. पोलिसांनी तिकडच्या ठाण्याला कळवलंय, पण तो सापडेपर्यंत कुठल्याही कारणाने मागे फिरू नकोस. कपडे, भांडी, छकुलीचं दप्तर, सगळं राहू दे. तुझा फोन बंद करून बाईंकडे दे. आणि वहिनी, नवा पत्ता मला कळवू नकोस. आईला तर नाहीच. तो पुन्हा येईल, आमच्याशी गोड बोलेल, कदाचित रडेलही. तेव्हा आम्हाला खरोखरच काही माहीत नसायला हवं.

जिथे असशील तिथे तुझीच,
नणंदबाई