ओल्या वळणावरची गाडी

प्रिय ठोंब्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा तास मी आता फळ्यावर घेतच नाही. ही भावी इंजिनिअर मंडळी सूत्रं घोकून पास होतात आणि साधा चेंडू खाली का येतो विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून सगळ्यांना कॉम्प्युटरपुढे बसवते. चेंडू असो की गाडी, क्षणाक्षणाला तिचं काय होतं ते प्रोग्राममध्ये ज्याचं त्यानं लिहायचं. चुकलं की चेंडू जमिनीतून आरपार जातो आणि अख्खा वर्ग खिदळतो. तुझे बाबा याला माझा पगारी पोरखेळ म्हणायचे.

या वेळी एका गटानं प्रोजेक्टला गाडीचा ब्रेक घेतला. ओला रस्ता, वळण, वळणापलीकडे दिवे न लावता उभा असलेला ट्रक. जागा त्यांनी कॉलेजच्या खालच्या रस्त्यावरची निवडली, टेप घेऊन मोजूनही आले. पोरं नवीन आहेत, तिथे आपलं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. तपासायला म्हणून प्रोग्राम घरी आणला आणि बरेच दिवस त्याला हात लावला नाही.

अपघातानंतर मी एकच पालुपद लावलं होतं, की तुझी काही चूक नव्हती, कुणीही गाडी चालवत असता तरी हेच झालं असतं. तू एकदा चिडून म्हणालास की आई म्हणून नको, मास्तरीण म्हणून सांग. मी पुन्हा तेच पालुपद म्हटलं. त्यानंतर तू लांबची नोकरी धरलीस ती धरलीसच. तुझ्या खोलीतला पंखा मी अजून अधूनमधून लावते, उगाच.

शेवटी धीर करून बसले. तू पोलिसांना स्वतःहून सांगितलेला वेग घातला. पडद्यावरची गाडी ट्रकच्या जेमतेम अलीकडे थांबली. म्हणजे अपघात टळला असता, या धसक्यानं मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. मग चूक सापडली. पोरांनी ट्रक दिसल्याबरोबर ब्रेक लावला होता. माणसाला डोळ्यांनी बघून पाय दाबेपर्यंत सेकंदभर तरी जातो, तो त्यांनी धरलाच नव्हता. मी तो घातला आणि गाडी धडकली. इतका आनंद झाला रे, की माझी मलाच लाज वाटली. ज्यात माझा नवरा गेला तो अपघात पडद्यावर बघून मी टाळी वाजवली होती. तुला फोन लावला तो तेव्हाच. उचलला नाहीस ते बरं झालं, मी तुला अर्धंच सांगितलं असतं.

कारण वर्गात मी कुणालाच एका उत्तरावर उठू देत नाही. आकडा बदला, पुन्हा चालवा, असं मीच ओरडत असते. मग मी वेग बदलला. तिथल्या पाटीवरचा घातला, ज्यासाठी बाबा शेजारी बसून तुझ्यामागे भुणभुण लावायचे तो. सेकंद तसाच ठेवला. गाडी थांबली. रस्ता आणखी निसरडा केला, तरी थांबली. टायर झिजलेले धरले, तरी थांबली. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पळवाटा शोधल्या. एकही निघाली नाही.

तेव्हा मास्तरीण म्हणून सांगते. हळू असतास तर बाबा वाचले असते. लिहिलं ते खोडणार नाही. इतकी वर्षं मी खोटं बोलत होते, ते तुला कळत होतं, आणि म्हणून माझ्या मायेवरही तुझा विश्वास बसेना. मला वाटायचं, तुला निर्दोष ठरवलं की तू घरी येशील. आता तसं ठरवता येत नाही. राग आहे माझ्या मनात, तो कधी जाईल का, ठाऊक नाही. सगळं कळून, त्या रागासकट, मी तुला बोलावते आहे. ये.

तुझीच, दुसऱ्या कुणाचीही नाही अशी,
आई