आईला चादरीची घडी जमत नाही

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो. पेन कॉटखाली गेलं होतं.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला आणि बडबड, दोन्ही कमी झालं का? मी मजेत. मदतनीस ताई म्हणाल्या, पत्रातल्या चुका तपासून देते. मी म्हटलं, पत्र माझं, चुकाही माझ्याच.

आमचं नवं घर झकास आहे. सावकाश शिकणाऱ्या आम्हा तिघांचं. आईचं घर सोडून इथे आलो तेव्हा सगळे म्हणत होते, ह्याला कसलं जमतंय! आता बघ, चहा मी करतो, कुलूप मी लावतो (एकदा मास्तरला आत ठेवून लावलं, पण लावलं घट्ट). मास्तर म्हणजे माझ्या खोलीतला सोबती. शाळेत कधी शिकवलं नाही, पण दिवसभर सगळ्यांना शिकवत असतो. ताई रोज येतात. त्यांचा नियम एकच. ज्याचं काम त्याने करायचं, आपण हात मागे बांधून उभं राहायचं, चुकलं तरी हिसकावून घ्यायचं नाही. हॉटेलच्या लाँड्रीत मी टॉवेलच्या घड्या घालतो, तिथेही माझं बरं चाललंय.

पण आईचं काही खरं नाही गं. एकटी पडली ना, तिला मोठ्या चादरीची घडी घालता येत नाही. आधी आम्ही दोघं घालायचो. ती दोन टोकं धरणार, मी दोन. झटकायची, मग आई चालत चालत माझ्याकडे येणार, तिची टोकं माझ्या हातात देणार आणि माझं नाक चिमटीत धरणार. (मी आता मोठा आहे, हे तिला कोण सांगणार?) ते मला फार आवडायचं. आता ती दर रविवारी बस बदलून चुरगळलेल्या चादरींची पिशवी घेऊन इथे हजर. घराच्या बैठकीत मास्तरने तक्रार केली, की हे घर आहे, लाँड्री नाही, पाहुण्यांनी धुणं आणू नये. तिसऱ्याने लगेच हात वर केला (तो कशालाही करतो). ताई मला म्हणाल्या, मग तूच शिकव आईला एकटीने घडी घालायला.

घेतलं शिकवायला. पलंगावर पसरायची, कडेला कड लावायची, हनुवटीखाली धरायची, दुमडायची. मी हात मागे बांधून उभा. आईने असा घोळ घातला म्हणून सांगू! स्वतःलाच गुंडाळून घेतलं आणि खुदुखुदु हसत बसली. मी ताईंसारखं छान, छान म्हणत राहिलो आणि शेवटी टोकं हातात घेतलीच. (ताईंना सांगू नकोस.) तिला नाही जमलं तर मला बोलणी बसणार. आणि जमलं तर ती येईल कशाला? हे मनात आलं की माझ्याच्याने टॉवेलसुद्धा सरळ दुमडवत नाही.

बाकी सगळं ठीक.

तुझा शहाणा भाचा

ता. क. मला आईची आठवण वगैरे येत नाही. फक्त रविवारी सकाळपासून खिडकीत उभं राहावंसं वाटतं, एवढंच.

ता. क. २. गेल्या रविवारी त्याच खिडकीतून दिसलं. आई फाटकाशी थांबली. पिशवीतून चादर काढली. तिची घडी अगदी कडेला कड, लाँड्रीत दाखवावी अशी. आईने ती उलगडली, चांगली चुरगळली, परत पिशवीत कोंबली आणि मग येऊन बेल वाजवली. मी दार उघडलं आणि माझी दोन टोकं धरली. बैठकीत सांगितलं, आईला अजून बराच वेळ लागेल, तिला सावकाश जमतं. (मास्तरसुद्धा मान हलवून म्हणाला, असतं एकेकाचं.)

ता. क. ३. खरं काम हे. तू पुढच्या महिन्यात आईकडे राहायला जाणार आहेस ना? जा, खुशाल जा. पण चादरीचं टोक धरू नकोस. हात मागे बांधून उभी राहा.